बरे झाले, पण उपचारामुळेच का?

नैराश्याने ग्रासलेली व्यक्ती दवाखान्याची पायरी चढते, ती बहुधा दुखणे असह्य झाल्यावरच. झोप उडालेली असते, अन्नावरची वासना गेलेली असते, कामात मन लागत नसते. त्यानंतर औषधे सुरू झाली, समुपदेशकाशी बोलणे झाले आणि सहा महिन्यांनी त्या व्यक्तीला बरे वाटू लागले, तर त्याचे श्रेय उपचाराला दिले जाते. घरच्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविकच आहे. संशोधकाला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही.

याचे कारण असे, की अगदी वाईट अवस्थेत मोजलेली गोष्ट पुढच्या मोजणीत थोडी सुधारलेली दिसण्याचाच संभव अधिक असतो. संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. शिवाय नैराश्य काही वेळा आपोआप ओसरते, घरची परिस्थिती बदलते, कोणी आपुलकीने विचारपूस केली तरी फरक पडतो. म्हणून ‘उपचार घेतलेल्यांपैकी किती जण बरे झाले?’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ‘हा उपचार मिळाला नसता, तर त्यांच्यापैकी किती जण बरे झाले असते?’ हा खरा प्रश्न आहे. एकच माणूस एकाच वेळी उपचार घेतलेला आणि न घेतलेला असू शकत नाही. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर तुलनेतूनच शोधावे लागते. अशी तुलना कशी केली जाते, हे समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. या विषयातील जगभर चर्चिल्या गेलेल्या दोन चाचण्या गोव्यातच झाल्या आहेत.

चोवीस केंद्रांची चाचणी

डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगाथ’ या गोव्यातील संस्थेच्या माध्यमातून ‘मानस’ ही चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मानसोपचारतज्ज्ञ मोजके आणि रुग्ण असंख्य, अशा स्थितीत वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण रीतसर प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांची मदत घेतल्यास नैराश्य व चिंताविकाराचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे होतात का, हे तिला तपासायचे होते. १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने तिच्यात सहभागी झाले आणि २,७९६ रुग्णांची नोंदणी झाली.

कोणत्या केंद्राला समुपदेशक द्यायचा, हे कोणाच्या मर्जीवर सोडले नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, केंद्रांची विभागणी करण्यात आली. उत्साही डॉक्टर असलेली केंद्रेच निवडली गेली असती, तर दिसणारा फरक समुपदेशनाचा की डॉक्टरांच्या उत्साहाचा, हे कधीच कळले नसते. चिठ्ठीला कोणाचा उत्साह दिसत नाही. वय, गरिबी, आजाराची तीव्रता, घरचा आधार अशा ज्ञात-अज्ञात गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्याच वाटल्या जाण्याची शक्यता तिच्यामुळे निर्माण होते. दुसऱ्या गटालाही वाऱ्यावर सोडले नव्हते. तेथील डॉक्टरांना तपासणीचे निष्कर्ष आणि उपचारांची मार्गदर्शक पुस्तिका दिली होती. म्हणजे तुलना उपचार आणि उपेक्षा यांच्यात नव्हती, तर नेहमीचे उपचार आणि समुपदेशकाची जोड मिळालेले उपचार यांच्यात होती.

एकाच केंद्रातले रुग्ण सारखे असतात

रुग्णांऐवजी केंद्रांची विभागणी केल्याने हिशेब थोडा अवघड होतो. एका केंद्रातील रुग्णांचा डॉक्टर एक, परिसर एक, राहणीमानही बरेचसे सारखे. त्यामुळे त्यांचे अनुभव एकमेकांशी मिळतेजुळते असतात आणि प्रत्येक नवा रुग्ण पूर्णपणे नवी माहिती देत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २४ केंद्रांत प्रत्येकी १०० असे २,४०० रुग्ण आहेत आणि केंद्रांतर्गत साम्याचा गुणांक केवळ ०.०५ आहे. संख्याशास्त्राच्या सूत्रानुसार एकूण संख्येला १ + (९९ × ०.०५), म्हणजे ५.९५ ने भागावे लागते. मग २,४०० रुग्णांकडून मिळालेली माहिती सुमारे ४०० स्वतंत्र रुग्णांइतकीच भरते. हा हिशेब न करता काढलेले निष्कर्ष वाजवीपेक्षा अधिक ठाम दिसतात.

एक आकडा नव्हे, एक पट्टा

सहा महिन्यांनंतर, ज्यांचे निदान निश्चित झाले होते अशा रुग्णांपैकी समुपदेशक असलेल्या केंद्रांत ६५ टक्के, तर इतर केंद्रांत ५२.९ टक्के रुग्ण बरे झाले होते. दुसरा आकडा डोळ्यांआड करून चालणार नाही. समुपदेशकाविनाही निम्म्याहून अधिक रुग्ण बरे झाले होते. म्हणून ‘६५ टक्के यश’ अशी जाहिरात दिशाभूल करणारी ठरली असती. समुपदेशकाच्या नावावर जमा करता येईल असा फरक १२.१ टक्क्यांचा आहे. म्हणजे साधारण आठ रुग्णांना ही सेवा दिली, तर एक रुग्ण अधिक बरा होतो.

हा फरकही एक अंदाजच आहे. त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा १.६ ते २२.५ टक्के अशी निघाली. खरा फरक या पट्ट्यात कोठेही असू शकतो, असा त्याचा ढोबळ अर्थ. वरचे टोक खरे मानले, तर चार-पाच रुग्णांमागे एक अधिक बरा होईल. खालचे टोक मानले, तर त्यासाठी साठाहून अधिक रुग्णांना सेवा द्यावी लागेल. सरकारी तिजोरीतून समुपदेशकांचे वेतन द्यायचे की नाही, हे ठरवणाऱ्याला केवळ मधला आकडा सांगणे म्हणूनच अप्रामाणिकपणाचे ठरते.

सरकारी केंद्र आणि खासगी दवाखाना

या चाचणीतील सर्वांत बोलका भाग पुढे आहे. सरकारी केंद्रांत समुपदेशकासह ६५.९ टक्के, तर त्याच्याविना ४२.५ टक्के रुग्ण बरे झाले. खासगी दवाखान्यांत हेच आकडे अनुक्रमे ६४.१ आणि ६५.९ टक्के होते. तेथे फायदा दिसलाच नाही. समुपदेशक खासगी दवाखान्यात निष्प्रभ ठरले, असा अर्थ घाईने काढता येईल. पण आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर वेगळेच चित्र दिसते. समुपदेशक मिळालेल्या दोन्ही ठिकाणचे रुग्ण जवळपास सारख्याच प्रमाणात बरे झाले. तफावत आहे ती समुपदेशक नसलेल्या बाजूला. खासगी डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांतच रुग्ण इतक्या प्रमाणात बरे होत होते, की त्यात भर पडण्यास फारसा वाव राहिला नव्हता.

येथेही सावधगिरी हवी. सरकारी केंद्रांतील बरे होण्याच्या प्रमाणांचे गुणोत्तर १.५५ असून त्याची मर्यादा १.०२ ते २.३५ आहे. खासगी दवाखान्यांतील गुणोत्तर ०.९५ आणि मर्यादा ०.७४ ते १.२२. हे पट्टे काही भागात एकमेकांवर येतात. एका उपगटात परिणाम दिसला आणि दुसऱ्यात दिसला नाही, एवढ्यावरून दोन्ही उपगट खरोखर भिन्न आहेत, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन्ही परिणामांतील अंतर थेट तपासावे लागते. प्रत्येकी १२ केंद्रांच्या बळावर त्याचे ठाम उत्तर मिळणे अवघडच.

जे परत आले नाहीत, त्यांचे काय?

दुसरी चाचणी २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाली. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांची, या वेळी केंद्रनिहाय नव्हे तर व्यक्तिनिहाय, यादृच्छिक विभागणी झाली. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन मिळाले. रुग्णाला पुन्हा दैनंदिन, मनाला उभारी देणाऱ्या कामांकडे वळवणे हा त्याचा गाभा होता. तीन महिन्यांनी रुग्णांची तपासणी करणाऱ्यांना कोण कोणत्या गटात आहे, हे सांगितलेले नव्हते. ठाऊक असते, तर त्यांच्या नकळत गुणांकन एका बाजूला झुकण्याचा धोका होता.

समुपदेशन मिळालेल्या २३० पैकी १४७, म्हणजे ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ठरावीक पातळीखाली आली. दुसऱ्या गटात २३६ पैकी ९१, म्हणजे ३९ टक्के. पण अशा वेळी जे रुग्ण तपासणीला आलेच नाहीत, त्यांचाही विचार करावा लागतो. विश्लेषणातून वगळलेले दोघे सोडता समुपदेशन गटातील १५ आणि दुसऱ्या गटातील १२ जणांची नोंद मिळाली नाही. आता सर्वांत प्रतिकूल गृहीत धरून पाहू. समुपदेशन गटातील ते १५ जण बरे झाले नाहीत आणि दुसऱ्या गटातील १२ ही जण बरे झाले, असे मानले तरी प्रमाण ६० आणि ४१.५ टक्के येते. फरक घटतो, पण पुसला जात नाही. गळती मोठी असती, तर हाच निष्कर्ष कोलमडला असता. एक वर्षानंतरच्या तपासणीत अंतर काहीसे कमी झाले होते, तरी समुपदेशन घेतलेला गट पुढेच होता.

आकड्यांमागची माणसे

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सामान्य मनोविकार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. अशा स्थितीत निरुपयोगी पद्धतीवर पैसा आणि मनुष्यबळ खर्च होणे म्हणजे उपयुक्त पद्धतीपासून कोणाला तरी वंचित ठेवणे होय. तसेच, एखादी पद्धत खरोखर गुणकारी असूनही सदोष तुलनेमुळे ती टाकून दिली गेली, तर त्याची किंमतही रुग्णच मोजतो.

म्हणून ‘इतक्या टक्के रुग्णांना गुण आला’ असा दावा वाचनात आला, की चार प्रश्न विचारावेत. तुलना कोणाशी केली? कोण कोणत्या गटात जाणार, हे कोणी आणि कसे ठरवले? अंदाजाचा पट्टा किती रुंद आहे? आणि अर्ध्यावर गळालेल्या रुग्णांचा हिशेब लावला आहे का? या प्रश्नांची उत्तरे ज्या दाव्यात नाहीत, त्यातील टक्केवारी कितीही मोठी असली, तरी तिच्यावरून कोणाच्याही उपचारांचा निर्णय घेऊ नये.