कांडप यंत्र कुंथतंय? आधी तार तपासा

मागच्या उन्हाळ्यात, ऐन मसाल्याच्या हंगामात, आमच्या गटाचं मिरची कांडप यंत्र कुंथायला लागलं. मिरची टाकली की मोटर नुसती घुं घुं करायची. तारही गरम लागायची. कर्जाचे हप्ते अजून चालू, आणि बैठकीत मोटर बदलायचं ठरतच आलं होतं.

वायरमनदादांनी मल्टीमीटरने बोर्डावर मोजलं, 225 व्होल्ट. यंत्रापाशीही 225. आम्ही म्हटलं, "म्हणजे मोटरच गेली!" दादा म्हणाले, "ताई, आता मिरची टाकून यंत्र चालू करा." केलं. बोर्डावर 224, पण यंत्रापाशी 204! 20 व्होल्ट वाटेतच गेले.

याचं उत्तर ओहम नावाच्या जर्मन शिक्षकाने 1827 साली छापलेल्या नियमात आहे. तारेतला प्रवाह गुणिले तारेचा रोध, म्हणजे अडथळा, तेवढे व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. यंत्र बंद असताना प्रवाह शून्य, म्हणून घटही शून्य. बंद यंत्रावर मोजलेला आकडा असा फसवतो.

मग दादांनी चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर एका तारेभोवती अडकवला. 8 अँपिअर. (दोन्ही तारा एकदम चिमट्यात धरल्या तर तो शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांना खोडतात. मला आधी वाटलं, मीटरच बिघडला.) 20 भागिले 8, म्हणजे अडीच ओहम रोध. तो होता 30 मीटर बारीक तारेचा आणि मधे नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडाचा. 20 गुणिले 8, म्हणजे 160 वॅट वीज तार तापवण्यात जात होती. 10 वॅटचे 16 बल्ब जळावेत तेवढी! आणि तिचंही बिल आम्हीच भरत होतो. सगळ्यात जास्त तापत होता तो जोड. तिथून आग लागायला वेळ लागत नाही.

अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची अखंड तार टाकली. आता घट चारेक व्होल्टची. मोटर तीच आहे.

चालू तारेवर मीटर आपण लावायचा नाही, ते वायरमनचं काम. पण त्याला सांगायचं, "यंत्र भरून, चालू ठेवून, दोन्ही टोकांना मोजा." आणि दोन्ही आकडे गटाच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवायचे.