मशीन बंद करायला एवढा वेळ?

गेल्या महिन्यात धुळ्याहून जळगावला ताईकडे गेले होते. पारोळा, एरंडोल करत एस.टी. पोचेस्तोवर सात वाजून गेले. ताई दारातच उभी. लेक अजून लॅबमधून आली नव्हती. "मशीन बंद करायला एवढा वेळ लागतो का गं? बटण दाबलं की झालं! मी तर तिला नोकरीच सोड म्हणणार आहे." खरं सांगते मैत्रिणींनो, मलाही तेव्हा ताईचंच पटलं.

दुसऱ्या दिवशी भाचीबरोबर लॅबमध्ये गेले. तिथं खाद्यतेलं तपासतात. गॅस क्रोमॅटोग्राफ, त्या सगळ्या 'जीसी'च म्हणतात. आत ओव्हनमध्ये कॉलम, म्हणजे केसासारख्या बारीक पोकळीची तीस मीटर लांब नळी, गुंडाळून ठेवलेली. तेलावर आधी प्रक्रिया करून त्याचा थेंब सोडायचा, की त्यातली आम्लं एकेक करून बाहेर पडतात. शेंगदाणा तेलात पामिटिक आम्ल साधारण दहा टक्के, पामोलिनमध्ये चाळीसच्या आसपास. आपल्या घाण्याच्या तेलात कुणी पामोलिन मिसळलं, तर आकडा लगेच चढतो.

संध्याकाळी तिचं आवरणं बघत बसले. शेवटचा नमुना झाला, की कॉलम थोडा वेळ चांगला तापवून आत चिकटलेलं घालवायचं. मग डिटेक्टरची ज्योत विझवायची, हायड्रोजनचा सिलिंडर बंद. डिटेक्टर मात्र एकदम गार करायचा नाही, दीडशे अंशांच्या वर ठेवायचा. हायड्रोजन जळला की पाणी होतं, ते गार डिटेक्टरमध्ये आतच साचतं. ओव्हन पन्नासवर उतरवायचा. आणि नायट्रोजन? तो रात्रभर हळूहळू चालूच.

"तो का नाही बंद करत?" मी विचारलं.

"मावशी, कॉलम गरम असताना गॅस थांबला आणि हवा आत शिरली, तर आतला लेप जळतो. मागं एकानं घाईत आधी गॅस बंद केला. कॉलम गेला. चाळीस-पन्नास हजारांचा!"

मला आमची आजी आठवली. चूल ती कधी पुरती विझवायची नाही, निखारे राखेत झाकून ठेवायची. इथं आगीऐवजी गॅस राखायचा, एवढंच.

रात्री लाईट गेली तर? आपल्याकडे ते काही नवीन नाही. यूपीएस आहे, पण तो किती वेळ पुरणार! म्हणून सकाळी आल्यावर आधी गॅसचा दाब बघायचा, थोडा वेळ गॅस वाहू द्यायचा, मगच ओव्हन तापवायचा. वीज आल्याबरोबर मशीन आपोआप तापायला नको, याची सोयही तिनं करून ठेवलेली.

हे सगळं वहीत वेळेसकट लिहून, खाली सही करून ती निघाली तेव्हा पावणेसात झाले होते. बाहेर रस्त्यावर रिक्षा नाही, दिवेही अर्धे बंद. ताईची काळजी खोटी नव्हती. पण उपाय नोकरी सोडणं नव्हे, असं मला तिथंच वाटलं. उशिरा थांबणाऱ्या मुलींना घरी सोडायची सोय लॅबनंच करायला हवी, आणि ती मागायला संकोच कसला?

घरी ताईला आजीच्या चुलीची आठवण करून दिली. ती काही बोलली नाही, ताट वाढलं. जेवताना भाचीनं सांगितलं, शेवटचा नमुना आता साडेचारच्या आत घालायचा, असं ती साहेबांशी बोलणार आहे. गाडीसाठीचा अर्ज मात्र आम्ही दोघींनी त्याच रात्री लिहिला. ताईनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "बाकीच्या मुलींच्याही सह्या घे गं."