तारेवरची कसरत

सी-लिंक काय, झुआरी काय… केबलवर तोललेले पूल म्हणजे आपल्या शहरांची नवी ओळख. फोटो सगळेच काढतात. पण त्या केबल्सच्या आत काय चाललंय, ते कोण बघतं?

शुक्रवारची रात्र. ऑफिसातून एकदाची सुटका झालेली, गाडीत आवडती गाणी, आणि वांद्र्याकडून गाडी सी-लिंकवर चढते. समोर केबल्सचा तो भलामोठा पंखा उघडतो आणि मागच्या सीटवरचं कुणीतरी हमखास मोबाइल बाहेर काढतं. ३० जून २००९ ला उद्घाटन झालं तेव्हापासून हा सीन काही बदललेला नाही. सिनेमा, जाहिराती, लग्नाआधीचं फोटोशूट… मुंबई म्हटलं की हल्ली गेटवेच्या आधी सी-लिंक आठवतो.

त्या केबल्स कधी मोजल्यात? वांद्र्याच्या बाजूला २६४ आणि वरळीच्या बाजूला १६०. एकूण ४२४. आता दुसरा प्रश्न. यातली एखादी केबल शेवटची कधी तपासली गेली, आणि त्यात काय सापडलं?

माहीत नाही ना? लगेच घाबरू नका, सी-लिंकला काही झालंय असं अजिबात सुचवायचं नाहीये. मुद्दा वेगळा आहे. ज्या गोष्टीवर आपण रोज जीव टांगतो (अक्षरशः!), तिच्या तब्येतीबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नसतं आणि ते विचारावं असंही वाटत नाही.

दोन पूल, दोन स्वभाव

केबलचे पूल ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक झुलता, म्हणजे सस्पेन्शन. दोन टोकांना दोन जाडजूड मुख्य केबल्स बांधायच्या, त्यांना उभे दोर लटकवायचे आणि दोरांना रस्ता. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट असा आहे. दुसरा केबल-स्टेड. यात उंच टॉवरवरून तिरक्या केबल्स थेट रस्त्याला येऊन भिडतात. सी-लिंक, गोव्याचा नवा झुआरी पूल, कोलकात्याचा विद्यासागर सेतू, नागपूरचा रामझुला हे सगळे या जातीचे.

देखभालीच्या दृष्टीने यात एक मोठा फरक आहे. केबल-स्टेड पुलाची एखादी केबल खराब झाली तर वाहतूक कमी करून ती काढता येते, नवी बसवता येते. हॅम्बुर्गचा कोलब्रांड पूल १९७४ मध्ये सुरू झाला आणि गंजामुळे काही वर्षांतच त्याच्या सगळ्या केबल्स बदलाव्या लागल्या. खर्च झाला, नाचक्कीही झाली, पण पूल उभा राहिला. झुलत्या पुलाची मुख्य केबल मात्र अशी सहजासहजी बदलता येत नाही. तीच गेली तर सगळंच गेलं.

मोरबीतल्या बावीस तारा

आणि ती कशी जाते, हे आपल्या शेजारच्याच राज्यात बघायला मिळालं. गुजरातमधल्या मोरबीचा झुलता पूल एकोणिसाव्या शतकातला. मच्छू नदीवरचा, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, रुंदी जेमतेम सव्वा मीटर. गावाची शान. दुरुस्तीसाठी कित्येक महिने बंद ठेवलेला हा पूल २६ ऑक्टोबर २०२२ ला, गुजराती नववर्षाच्या मुहूर्तावर पुन्हा सुरू झाला. चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरच्या रविवारी संध्याकाळी तो तुटला. दिवाळीची सुट्टी होती, पुलावर सुमारे तीनशे माणसं होती. १३५ जण गेले. त्यात लहान मुलं कितीतरी.

त्यानंतर टीव्हीवर जे चाललं ते आठवत असेल. पोरं पूल मुद्दाम हलवत होती, गर्दी बेशिस्त होती, वगैरे वगैरे. पहिल्या नऊ अटकांमध्ये तिकीट देणारे क्लार्क आणि सिक्युरिटी गार्डही होते! पण सरकारने नेमलेल्या विशेष तपास पथकाचा प्राथमिक अहवाल वाचला की चित्र पार बदलतं. तुटलेली मुख्य केबल सात पदरांची होती. प्रत्येक पदरात स्टीलच्या सात तारा, म्हणजे एकूण ४९. त्यातल्या २२ तारांवर गंज चढलेला होता, म्हणजे त्या बहुधा आधीच तुटलेल्या होत्या. त्या संध्याकाळी नव्याने तुटल्या त्या उरलेल्या २७.

म्हणजे लोक ज्या केबलच्या भरवशावर उभे होते, ती जवळपास अर्धी आधीच मेलेली होती. हे वाचून अंगावर काटा आला नाही तर नवल!

मग इतके महिने दुरुस्ती कसली केली? अहवालानुसार खालच्या लाकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमचा डेक बसवला, त्याने पुलाचं वजन वाढलं. उभे दोर बदलायचे सोडून जुन्यांनाच नवे तुकडे वेल्ड केले. उघडण्यापूर्वी वजनाची चाचणी झाली नाही. आणि मुख्य केबलला हातच लावला नाही. जे दिसतं ते चकाचक केलं, जे पेलतं ते तसंच राहिलं. पुलाचा कारभार घड्याळं बनवणाऱ्या एका कंपनीकडे होता. त्या एका दिवसात तिकिटं गेली तीन हजारांहून जास्त.

गंज कुठे लपतो?

गंज केबलच्या मधोमध, फोटोत दिसतो त्या भागात क्वचित सुरू होतो. त्याची आवडती जागा म्हणजे टोक. केबल जिथे रस्त्याला किंवा टॉवरला पकडलेली असते त्या जागेला अँकरेज म्हणतात. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत खाली येतं आणि सील जरा जरी सैल असेल तर अँकरेजमध्ये साचतं. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस, बाकीचे आठ महिने खारा वारा. लोखंडाला आणखी काय हवं? चांगल्या केबलमधल्या तारा जस्ताचा मुलामा दिलेल्या असतात, वरून प्लॅस्टिकची जाड नळी असते. पण नळीला तडा गेला की तीच नळी पाणी आत कोंडून ठेवते. बाहेरून केबल नवीकोरी, आतून भुगा.

याचा सगळ्यात भयंकर नमुना इटलीत जिनोआला दिसला. तिथल्या पुलाचे डिझायनर रिकार्दो मोरांदी यांनी केबल्स गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर काँक्रीटचं कवच चढवलं होतं. पूल १९६७ मध्ये सुरू झाला. कल्पना देखणी, पण आतलं स्टील कुणाला दिसेना. समुद्राची हवा आणि प्रदूषणाने पुलाची झीज होतेय, सतत देखभाल लागेल, असं खुद्द मोरांदींनीच १९७९ मध्ये लिहून ठेवलं होतं. नव्वदच्या दशकात एका टॉवरच्या केबल्सना बाहेरून नव्या केबल्सचा आधार दिला गेला. १४ ऑगस्ट २०१८ ला पूल कोसळला आणि ४३ जण मेले. पडला तो टॉवर दुसरा होता, ज्याला तसा आधार मिळालाच नव्हता.

इतकं लांब जायचीही गरज नाही. पणजीला मांडवीवर जो जुना पूल होता तो १९७० मध्ये सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. तो टांगलेला पूल नव्हता. त्याच्या स्टीलच्या केबल्स काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या होत्या. पण घात केला तो त्याच गंजाने, अवघ्या सोळा वर्षांत. पुढची कित्येक वर्षं पणजीकरांनी फेरीबोटीतून ये-जा केली. आज त्याच नदीवर केबल-स्टेड अटल सेतू आहे आणि वीकेंडला गोव्याला जाणारे आपण तिथेही फोटो काढतोच.

कान लावून बसलेला पूल

दिसत नाही ते तपासायचं कसं? इथून गोष्ट खरी इंटरेस्टिंग होते. एक युक्ती तानपुऱ्याची. तार जितकी ताणलेली तितका सूर वर. पुलाच्या केबलचंही तसंच. तिच्यावर छोटा सेन्सर लावून ती सेकंदाला किती वेळा थरथरते हे मोजलं, की तिच्यावर किती ताण आहे याचा हिशेब निघतो. गेल्या वर्षीपेक्षा सूर उतरलेला असेल, तर कुठेतरी गडबड आहे. दुसरी युक्ती चुंबकाची. केबलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार करणारं यंत्र तिच्यावरून सरकवायचं. आत तार तुटलेली किंवा झिजलेली असेल तिथे क्षेत्र विस्कटतं. याशिवाय दोराला लटकून केबलवर चढणारी माणसं असतात, हल्ली ड्रोनही असतात. पण अँकरेजचं झाकण उघडून आत बघायला अजून तरी माणूसच लागतो.

सगळ्यात भारी किस्सा स्कॉटलंडचा. एडिंबराजवळचा फोर्थ रोड ब्रिज १९६४ चा, झुलता. त्याच्या एकेका मुख्य केबलमध्ये साडेअकरा हजारांहून जास्त तारा. बाहेरून सगळं आलबेल. तरी २००४ मध्ये इंजिनीअरांनी पाचरी मारून केबल फाकवली आणि आत डोकावले. तारा तुटलेल्या होत्या, केबलची ताकद ८ ते १० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. पूल पडला नव्हता, कुणी मेलं नव्हतं, ओरड करणारंही कुणी नव्हतं. तरीही त्यांनी केबलवर मायक्रोफोन बसवले. तार तुटली की ‘टिंग’ असा आवाज होतो, तो नोंदवायला! केबलच्या आत कोरडी हवा सोडायची यंत्रणा लावली, कारण दमट हवाच नसेल तर गंज चढणार कसा? आणि शेजारी नवा पूल बांधायला घेतला. तो क्वीन्सफेरी क्रॉसिंग २०१७ मध्ये सुरू झाला आणि जुन्या पुलावरचा बहुतेक भार उतरला.

मला विचाराल तर फोर्थची ही फाइल आपल्याकडच्या प्रत्येक इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायला हवी. अपघात न झालेल्या गोष्टीची बातमी होत नाही, हीच तर आम्हा पत्रकारांची गोची आहे.

फीत कापायला गर्दी

अमेरिकेलाही शहाणपण फुकट मिळालं नाही. ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ च्या शुक्रवारी, ऐन ख्रिसमसच्या खरेदीच्या गर्दीत कोसळला. ४६ बळी. कारण होतं पुलाच्या साखळीतल्या एका कडीला गेलेला फक्त अडीच मिलिमीटर खोल तडा. कडी सुटी केल्याशिवाय तो दिसणंही शक्य नव्हतं. त्यानंतर तिथे देशभर पुलांच्या नियमित तपासणीचा कायदा झाला. शिवाय आज तिथल्या कुठल्याही मोठ्या पुलाची स्थिती कुणालाही सरकारी यादीत बघता येते.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची पुलांच्या तपासणीची सविस्तर नियमावली आहे. २०१६ मध्ये महाडला सावित्रीवरचा दगडी पूल वाहून गेला, त्याच वर्षी केंद्राने देशातल्या पुलांची नोंद ठेवणारी यंत्रणाही सुरू केली. अडतं ते पुढे. नव्या पुलाच्या फीतकापणीला स्टेज, फुगे, मंत्री. अँकरेजमधलं पाणी उपसायला कोण पाहुणा बोलावणार? आणि तपासणी झालीच तर तिचा अहवाल आपल्यापर्यंत पोचत नाही. तो मागावा लागतो.

मागायची सोय मात्र आहे. सी-लिंक महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा. तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत लिहायचा असतो. पण आपले प्रश्न तेवढ्यात बसतात: केबल्स आणि अँकरेजची शेवटची तपासणी कधी झाली, कुणी केली, कुठल्या पद्धतीने केली, काय सापडलं, त्यातलं काय दुरुस्त झालं, आणि अहवालाची प्रत मिळेल का? शुल्क दहा रुपये. उत्तराची मुदत तीस दिवस.