क्लोरीनचा डबा कुठे ठेवावा?

नाहूर-मुलुंड पट्ट्यात कारखान्यांच्या जागी टॉवर आले आणि त्यांच्याबरोबर पोहण्याचे तलावही. तलावाचं पाणी स्वच्छ ठेवणारी रसायनं मग कुठे ठेवतात? बहुधा जिन्याखाली, पंपाच्या खोलीत, फिनेल आणि ॲसिडच्या शेजारी. मला हे शेजारपणच सर्वांत धोक्याचं वाटतं.

क्लोरीनच्या पावडरीवर, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइटवर, ॲसिड सांडलं की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेच्या सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून जमिनीलगत साचतो. बंद खोलीत वाकून काम करणाऱ्याला तोच आधी गाठतो. 14 जुलै 2010 रोजी शिवडीच्या हाजी बंदरात पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला, तेव्हा अनेकांना इस्पितळात न्यावं लागलं. इमारतीतला डबा त्यामानाने लहान, पण खोलीही लहानच.

तलावासाठीच्या क्लोरीनच्या गोळ्या बहुतेकदा ट्रायक्लोर या रसायनाच्या असतात. त्या आणि हायपोक्लोराइटची पावडर, दोन्ही 'क्लोरीन'च. तरीही एकत्र आल्या तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. त्यामुळे दोन्हींना एकच चमचा वापरू नये.

पावसाळ्यात दमट हवेने पावडर ओलसर होऊन तापू शकते. म्हणून साठवताना मूळ डबा, घट्ट झाकण, जमिनीपासून उंच लाकडी नव्हे तर प्लास्टिकची फळी, उन्हापासून आडोसा आणि हवा खेळती हवी. ॲसिड वेगळ्या खोलीत. दार कुलूपबंद, मुलांपासून दूर. वापरताना पावडर पाण्यात घालावी, पावडरीवर पाणी कधीच ओतू नये.