शिशाची जन्मनोंद

मुंबईत डिलाईल रोडसारख्या गिरणगावच्या रस्त्यांवर लग्नपत्रिका आणि कामगारसभांची पत्रके छापणारे जे लहान छापखाने होते, त्यांतील खिळा शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचा असे. झिजलेला खिळा वितळवून पुन्हा ओतीत. परंतु दोन खाणींच्या शिशाची सरमिसळ झाल्यावाचून, निव्वळ तापण्याने, त्यातील समस्थानिकांचे परस्परप्रमाण बदलत नसे. धातूच्या या निष्ठेवरच खनिजसाठ्यांचे वय ठरविण्याचे शास्त्र उभे राहिले.

शिशाच्या चार स्थिर समस्थानिकांपैकी २०४ हा आदिम. २०६ व २०७ युरेनियमच्या आणि २०८ थोरियमच्या क्षयातून सतत वाढत जाणारे. गॅलेना या शिशाच्या मुख्य खनिजात युरेनियम जवळजवळ नसतेच, त्यामुळे ते स्फटिकरूप होताच ही वाढ थांबते आणि त्या क्षणाची कैफियत मोहोरबंद होते. निरनिराळ्या खाणींचे शिसे निरनिराळे असते, हे आल्फ्रेड नीर यांनी १९३८ मध्ये मोजून दाखविले. १९४६ मध्ये एडिंबरोत आर्थर होम्स आणि गॉटिंगेनमध्ये हौटरमन्स यांनी, परस्परांस नकळत, त्यावरून कालगणनेचे गणित मांडले. त्या गणितास हवे असलेले आदिम प्रमाण क्लेअर पॅटरसन यांनी अशनींतून मिळविले आणि १९५६ मध्ये पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे ठरविले.

तथापि मला अधिक मोलाचा वाटतो तो मिसूरीतील जॉप्लिनचा दाखला. तेथील गॅलेनाचे वय या गणिताने ऋण येते, म्हणजे साठा अद्याप जन्मावयाचा आहे! युरेनियमसमृद्ध खडकांतून आलेले जादा शिसे त्यात मिसळले होते. सर्व शिसे एकाच संथ प्रवाहातून आले, हे या गणितामागचे गृहीतच तेथे लागू नव्हते. स्टेसी आणि क्रेमर्स यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या दोन टप्प्यांच्या प्रतिमानाने हे गणित पृथ्वीच्या वास्तव इतिहासाच्या अधिक जवळ आणले, पण अशा मिश्र शिशाचा उलगडा त्यानेही होत नाही.

मुंबईचा काळा पाषाण अवघा साडेसहा कोटी वर्षांचा, आणि त्यात शिशाची खाण नाही. ती पाहावयाची तर राजस्थान गाठावे लागते. मिहिर देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये राजपुरा-दरीबा व रामपुरा-अगुचा येथील साठ्यांचे वय सुमारे १८० कोटी वर्षे, तर अंबाजी-देरीचे सुमारे ११० कोटी वर्षे दाखविले. एकाच अरवली-दिल्ली पट्ट्यातील धातुसंचयाचे दोन कालखंड त्यामुळे वेगळे झाले. अशा वयाला शेजारच्या ज्वालामुखीजन्य खडकातील झिरकॉन या खनिजाच्या युरेनियम-शिसे वयाची साक्ष जोडण्याची वहिवाट आता पडली आहे.