इतिहासाचे शिक्षण आणि उपजीविका

“इतिहास घेऊन पुढे काय करणार?” हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याला घरोघरी विचारला जातो. नवी मुंबईत तो अधिकच ऐकू येतो. सिडकोची स्थापना १९७० मधील. अशा नव्या शहरात इतिहास तो कोठला?

परंतु शहर नवे असले तरी भूमी जुनी आहे. ते ९५ गावांच्या जमिनीवर वसले आहे. बेलापूरच्या किल्ल्याने पोर्तुगीज, मराठे व इंग्रज यांचा अंमल पाहिला. जवळच्या उरण तालुक्यात घारापुरीची लेणी आहेत. त्याच तालुक्यातील चिरनेरला १९३० मध्ये जंगल सत्याग्रह झाला. १९८४ मध्ये जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले. तो लढा पाहिलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्या आठवणी वेळीच नोंदविल्या नाहीत, तर त्या कायमच्या लोपतील.

हे काम सनावळ्या पाठ करून होत नाही. कागद अस्सल की बनावट, सांगणारा प्रत्यक्षदर्शी की ऐकीव माहितीवर बोलणारा, याची पारख करण्यास विद्यापीठीय शिक्षण शिकविते.

या कौशल्याला मागणी आहे. पदवीनंतर बी.एड. केल्यास शाळेत आणि एम.ए.नंतर नेट अथवा सेट उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयात अध्यापनासाठी अर्ज करता येतो. राज्यसेवा परीक्षेस कोणताही पदवीधर बसू शकतो व इतिहास हा तेथील अभ्यासक्रमाचा महत्त्वाचा भाग आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे उच्च शिक्षण मिळते. याखेरीज संग्रहालये, पर्यटन व पत्रकारिता ही क्षेत्रे आहेतच.

मोडी लिपीची जोड मिळाल्यास या शिक्षणाचे मोल वाढते. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे व पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदपत्रांचा प्रचंड संग्रह आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दफ्तरे वाचण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणकारांची गरज भासली. कागद उपलब्ध होते. वाचणारे थोडे होते.

नोकरीची हमी कोणतीच पदवी देत नाही, हे विद्यार्थ्यांस स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मात्र जो पदवीबरोबर मोडी, एखादी परभाषा अथवा संगणकावरील अभिलेख-व्यवस्था आत्मसात करील, त्याच्यापुढील वाटा वाढतील. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यांना गावाचा इतिहास लिहिण्यास प्रवृत्त करावे. ग्रामपंचायतींनीही जुनी दफ्तरे रद्दीत न घालता जपावीत. आज जपलेला कागद उद्या एखाद्या कुटुंबाचा हक्क सिद्ध करील आणि तो वाचणाऱ्या तरुणाला कामही देईल.