मळीचे सांडपाणी व विहिरीचे रक्षण

जालना जिल्ह्यातील धावड्यासारख्या गावी विहीर नासली, तर पीक व पिण्याचे पाणी दोन्ही जाते. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे तपकिरी सांडपाणी असेच घातक होय. जिवाणूंच्या प्रक्रियेने त्यातील बरीच घाण कमी होते. तथापि रंग सहसा जात नाही. तेथे फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णिलेली क्रिया उपयोगी पडते. आम्लयुक्त पाण्यात लोहक्षार व हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळतात. लोह उत्प्रेरकाचे काम करते व सेंद्रिय द्रव्ये ऑक्सिडीकरणाने फुटतात. नंतर चुन्याने आम्लता घालवून लोहाचा गाळ वेगळा काढतात.

ही क्रिया कारखान्यातच व्हावी. रंग गेला, तरी विरघळलेले क्षार उरतातच. सबब नमुना तपासून घेतल्यावाचून शेतकरी बंधूंनी असे पाणी शेतात घेऊ नये.